अपुरा हप्ता

९ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
वहिनीचे अ. आ.

फोनवर सांगता आलं असतं तर लिहायला बसले नसते. पण घर दोन खोल्यांचं, आणि हे बहुतेक वेळ घरातच. मी फोन हातात घेतला की ह्यांचे कान टवकारतात. म्हणून दवाखान्यात, कामावर बसून लिहिते आहे. दाताचे डॉक्टर आत एकाची दाढ काढताहेत, त्यामुळे मध्येच अक्षर हललं तर समजून घे.

तुझ्या दादाचा खांदा पूर्वीपेक्षा बरा आहे. हात डोक्यापर्यंत जातो, पण कापड ताणून पिना मारायला अजून मनाई आहे. सोफ्याला कापड चढवणाऱ्याला कापड ताणू नका म्हणणं म्हणजे काय, हे त्या हाडाच्या डॉक्टरांना कोण सांगणार? हे दुकानात जातात, जुन्या खुर्च्यांच्या स्प्रिंगा सोडवून ठेवतात आणि परत येतात. चिमी बरी आहे. बूट पुन्हा लहान झाले. अकरा वर्षांची पोर, पाय मात्र बापाचे.

आता खरं काम. ऑगस्टात आपण तुझ्या कंपनीकडे कर्जाचा हप्ता अर्धा करून मागितला आणि त्यांनी कबूल केला, तेव्हा मी तुझी दृष्ट काढायची बाकी ठेवली होती. सप्टेंबरपासून दर महिन्याला साडेचार हजार आम्ही नेमाने भरतो. एकही चुकवला नाही. काल त्यांचा हिशेब आला. पाच महिन्यांपूर्वी देणं होतं एक लाख नव्वद हजार. पाच हप्ते भरल्यावर ते झालं आहे एक लाख त्र्याण्णव हजार पाचशे. मी तीनदा वजाबाकी केली, मग डॉक्टरांना करायला लावली. तेही म्हणाले की उत्तर बरोबर आहे, जग चुकलं आहे.

सोबत एक पत्रही आलं. आपला हप्ता अपुरा असल्याने व्याज आणि दंड चालू राहील, वगैरे. ते मी समजू शकते. पण शेवटी एक ओळ आहे: ‘आपण दिलेला शब्द पाळणारी व्यक्ती आहात, असा आमचा समज होता.’ ह्यांचं बोट त्या ‘होता’वर किती वेळ थांबलं होतं. मग म्हणाले, लिहिणाऱ्याला भाषा येते, नेमकं कुठे लागतं ते कळतं. मी म्हटलं, लिहिणाऱ्याला घरी कोणी मायेने वाढलं नसणार.

तू तिथेच आहेस. कोणाला तरी विचारून सांग, हे असंच असतं का? आणि असंच असेल तर आम्ही भरतोय ते कशासाठी?

तुझ्या जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच, उत्तराची घाई कर म्हणजे ती टिकेल.

तुझी वहिनी

•

२१ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कामाची गर्दी होती. इथे सगळं ठीक. नवी खोली मिळाली आहे, खिडकी समोरच्या भिंतीकडे उघडते, पण निदान उघडते. जूनमध्ये मला कायम करणार असं साहेब म्हणाले आहेत. अजून कागद हातात नाही, तेव्हा कोणाला सांगू नकोस. दादाला सांग.

व्याजाचं म्हणशील तर हप्ता कमी केला म्हणून व्याज आपोआप थांबत नाही. ती दोन वेगळी खाती असल्यासारखी असतात. तो विभाग माझा नाही, मी पत्रव्यवहाराच्या टेबलावर असते. कानावर काही आलं तर कळवीन. तुम्ही हप्ता मात्र चुकवू नका.

एक विनंती. कंपनीत कोणाशी बोललात तर माझं नाव काढू नका. कर्जाच्या अर्जावर नातेवाईक नोकरीत आहे का, असा प्रश्न होता आणि दादाने ‘नाही’ लिहिलं होतं, ते तुला आठवत असेल. आणि तू स्वतः इकडे येऊ नकोस. उगाच रजा मोडेल.

चिमीच्या बुटांसाठी थोडे पैसे पाठवते आहे. एक माप मोठेच घे. उरलेल्यात तिला हवी ती वही.

त्या पत्रातल्या ओळीचं मनाला लावून घ्यायला नको. अशी पत्रं सगळ्यांना सारखीच जातात, नाव बदलून. दादाला तसं सांग.

तुमच्या सगळ्यांच्या आठवणीत मला राहू द्या, एवढंच.

तुझी टिल्लू

•

१४ एप्रिल

चि. टिल्लूस,
अ. आ.

बूट आले, चिमी ते घालून घरात ठोकत फिरते. तुझे उरलेले पैसे मात्र परत पाठवते आहे. रागावू नकोस. ह्यांना कळलं. बहिणीला नोकरी लागून दोन वर्षं झाली नाहीत आणि तिच्याकडून घर चालवायचं का, असं म्हणून जेवता जेवता उठले.

मार्चमध्ये कंपनीचा माणूस घरी आला होता. मी समजत होते कोणी दांडगट असेल. तर अगदी सभ्य, भांग पाडलेला, दाराशी चपला काढून आत आला. ह्यांनी शिवलेल्या खुर्चीतच बसला आणि शिवण बोटाने चाचपत म्हणाला की काम फार सफाईचं आहे, असा हात असताना माणसाने मागे राहू नये. मग विचारलं, आमच्या कंपनीचं नाव तुम्हाला कोणी सुचवलं. मी चहाचा कप धरून उभी. हे म्हणाले, रस्त्यावर जाहिरात पाहिली. त्याने दोनदा विचारलं, ह्यांनी दोनदा तेच सांगितलं. आयुष्यात खोटं बोलताना मी ह्यांना पहिल्यांदा पाहिलं, आणि फारसं जमतही नाही त्यांना. कानाची पाळी लाल होते.

तो गेल्यावर ह्यांनी लहान मशीन विकलं. तेच, ज्यावर कडेची गोट शिवायचे. बारा हजार आले ते सगळे भरून टाकले. म्हणाले, आता तरी मुद्दल हलेल. हिशेब आला. भेटीचा खर्च, नोटिशीचा खर्च, साठलेलं व्याज, असं सगळं आधी कापून घेतलं होतं. मुद्दल उतरलं नऊशेने. मशीन विकून नऊशे.

टिल्लू, त्या दिवसापासून हे दुकानात जातात आणि शटर अर्धंच उघडतात. मी एकदा डबा द्यायला गेले तर आत नुसते बसलेले. चिमीचं दूध मी अर्धा लिटर कमी केलं, तर तिनेच मला समजावलं की मला दूध आवडतच नाही. पूर्वी पातेलं चाटून पुसून ठेवायची.

तुझं काही वाईट व्हावं असं ह्यांना वाटत नाही, म्हणून तुला कळवू नको म्हणतात. पण मी परक्या घरून आलेली, मला तेवढा संकोच नाही. तू विचारीन म्हणाली होतीस. विचारलंस का? नसेल जमत तर तसं लिही. मी दुसरीकडे विचारीन.

खुशाली कळव. माया कमी झालेली नाही, जीव थकला आहे.

तुझी वहिनी

•

२ मे

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा लिहिलं आणि फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

मी विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही नव्हतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आमच्याकडे एक नियम आहे. आजारपणाने किंवा काम गेल्याने ज्याचा हप्ता कमी केला असेल, त्याने डॉक्टरांचा दाखला आणि घरच्या जमाखर्चाचा कागद जोडून लेखी मागणी केली, तर ठरलेल्या मुदतीपुरतं व्याज आणि दंड दोन्ही थांबवता येतं. साहेबांना तो अधिकार आहे. पण मागणी कर्जदाराकडून यावी लागते, आणि आम्हाला सांगितलेलं आहे की कोणी विचारल्याशिवाय आपण होऊन बोलायचं नाही. दादाचा अर्धा हप्ता मंजूर झाला ते पत्र सप्टेंबरमध्ये माझ्याच टेबलावरून गेलं. मी त्याच दिवशी तुला दोन ओळी लिहू शकत होते.

लिहिल्या नाहीत, कारण असा अर्ज आला की पूर्ण फाइल साहेबांपुढे जाते, आणि ती उघडली की दादा कोणाचा भाऊ ते कळतं. आम्हाला आपल्या नातेवाइकाचं कर्ज आणायची परवानगी नाही. मी आणलं होतं. नवं कर्ज आणणाऱ्याला बक्षीस मिळतं, ते घेतलंही होतं. माझ्या खोलीतलं कपाट त्याचं आहे. दादाला ‘नाही’ लिहायला मीच सांगितलं होतं. जूनपर्यंत हे दबलेलं राहिलं तर मी कायम होईन, मग पाहू, असं स्वतःला सांगत राहिले. आणि मन खायला लागलं की तुम्हाला पैसे पाठवायचे. बूट त्यातलेच.

अजून एक आहे, आणि ते लिहिल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही. ती ओळ माझी आहे. गेल्या वर्षी साहेबांनी नव्या पत्राचा मसुदा करायला सांगितला. मी आधी ‘असा आमचा समज आहे’ असं लिहिलं होतं. मग वाटलं ‘होता’ जास्त लागेल. साहेब खूश झाले, त्या महिन्यात वसुली वाढली, माझं नाव सगळ्यांसमोर घेतलं. ते पत्र माझ्या दादाच्या हातात पडेल हे तेव्हा मनातही आलं नाही. दुसऱ्या कोणाच्या दादाच्या हातात पडेल हेही आलं नाही. तू लिहिलंस की लिहिणाऱ्याला कोणी मायेने वाढलं नसणार. वहिनी, मला कोणी वाढलं ते तुला माहीत आहे. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. दादा शाळा सोडून कामाला लागला, आणि संध्याकाळी माझी वेणी घालायचा, वाकडी.

आता काय करायचं ते लिहिते. अर्ज साध्या कागदावर करा. दया मागू नका, परिस्थिती सांगा. खांद्याचा दाखला, तुझा पगार, दुकानाचं भाडं, घरखर्च सगळं खरं लिहा. मागणी तीन गोष्टींची करा: हप्ता कमी झाला त्या दिवसापासून व्याज आणि दंड थांबवावा, यापुढे भरलेला पैसा आधी मुद्दलात धरावा, आणि उत्तर लेखी द्यावं. पोचपावतीच्या टपालाने पाठवा, पावती जपून ठेवा.

अर्ज इथे पोचायच्या आधी मी साहेबांना जाऊन सांगणार आहे. तुम्हाला त्याचा त्रास होऊ देणार नाही.

दादाला हे सांगायचं की नाही ते तू ठरव. माझ्यात ते धैर्य नाही. लोभ असू द्या असं आज लिहिता येत नाही.

टिल्लू

•

२० मे

टिल्लू,

तुझं पत्र आठ दिवस डब्यांच्या मागे ठेवलं होतं. रविवारी चिमी बाहेर खेळायला गेल्यावर ह्यांना वाचून दाखवलं. सगळं. काही गाळलं नाही.

वेणीचा भाग आला तिथे हे उठून खिडकीशी गेले. मग चपला घालून दुकानात गेले. संध्याकाळी आले, जेवले, चिमीला गणित शिकवलं. माझ्याशी बोलले ते एवढंच, की अर्ज उद्या लिहू.

अर्ज तू सांगितलास तसा गेला आहे. पावती माझ्याकडे आहे.

हे तुला काही म्हणणार नाहीत, म्हणून मी म्हणते. मी तुला नणंद मानलं नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हा तू नववीत होतीस, माझ्या कुशीत झोपायचीस. तुझ्या परीक्षेच्या फीसाठी ह्यांनी स्वतःच्या चष्म्याची काच दोन वर्षं बदलली नाही. त्याची परतफेड मागत नाही. पण मी फेब्रुवारीत तुला विचारलं होतं, तोंड उघडून. तेव्हा तू मला सांगितलंस की तो विभाग माझा नाही. मी ते मानलं. मशीन त्यानंतर विकलं गेलं.

पोरीचं दूध तोडताना मी मनात म्हणायचे, टिल्लूला किती वाईट वाटेल.

सध्या पैसे पाठवू नकोस आणि पत्रही नको.

चिमीची आई

•

११ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीने पत्र नको म्हटलं आहे, म्हणून तुझ्या नावाने, दुकानाच्या पत्त्यावर लिहिते. तिला दाखवायचं नसेल तर राहू दे.

मी साहेबांकडे अर्ज यायच्या आदल्या दिवशी गेले. सगळं सांगितलं. अर्जावर ‘नाही’ लिहायला मी सांगितलं, हे माझ्या सहीने लिहून दिलं आहे, तेव्हा त्या बाबतीत तुला कोणी काही विचारणार नाही. साहेब ओरडले नाहीत. उलट बराच वेळ चष्मा पुसत बसले. म्हणाले, मूर्खपणा केलास, मी तुला सहा महिन्यांत वरच्या जागेवर बसवलं असतं.

तुझा अर्ज मंजूर झाला आहे. कागद तुला आठवड्यात मिळेल. मे महिन्यापासून पुढे दोन वर्षं व्याज नाही, दंड नाही, भरशील तो पैसा मुद्दलात. पण आधीचे आठ महिने सोडायला ते तयार झाले नाहीत. म्हणाले, मागणी आली त्या दिवसापासून सूट, त्याआधी तुझ्या भावाने मागितलीच नव्हती, त्यांना कोणी अडवलं होतं का. मी म्हटलं, मी अडवलं होतं. ते म्हणाले की याला फाइलमध्ये रकाना नाही.

मला महिनाअखेर मोकळं केलं. बक्षिसाचे पैसे शेवटच्या पगारातून कापून घेतले. कपाट विकून टाकलं, कपडे दोरीवर आहेत. एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम मिळालं आहे. पगार निम्म्याहून थोडा जास्त. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. पहिल्या दिवशी हसूच आलं, मग आलं नाही.

त्या आठ महिन्यांचं व्याज आणि दंड मिळून एकेचाळीस हजार सहाशे होतात. ते मला भरू दे. तुला उपकार वाटू नयेत म्हणून सांगते, तो पैसा माझ्यामुळे गेला, तेव्हा तो माझाच आहे. एकदम जमणार नाही. तू म्हणशील तसं, म्हणशील तितके दिवस. वर काही जोडून द्यायला सांगितलंस तरी देईन.

मी अजून रात्री ते पत्र मनात दुरुस्त करते. काय लिहायला हवं होतं ते आता सुचतं.

रागावलास तरी चालेल, पण रागावल्याचं कळव.

तुझी टिल्लू

•

३ ऑगस्ट

चि. टिल्लू,
अ. आ.

मला पत्र लिहायची सवय नाही हे तू जाणतेस. चिमी शुद्धलेखन तपासून देते म्हणाली, पण हे तिला दाखवायचं नाही, त्यामुळे चुका राहतील.

कंपनीचा कागद आला. मी दोनदा वाचला, मग तुझ्या वहिनीने वाचला, मग तिने दाताच्या डॉक्टरांना दाखवला. बरोबर आहे. जुलैचा हप्ता भरला तो सगळा मुद्दलात गेला. हिशेबाच्या कागदावर आकडा खाली येताना पहिल्यांदा पाहिला. शटर आता पूर्ण उघडतो.

रागावलो का विचारतेस. हो. पण नुसता तुझ्यावर नाही. अर्जावर ‘नाही’ मी लिहिलं, माझ्या हाताने. तू सांगितलंस म्हणून लिहिलं, हे मी अकरा वर्षांचा असतो तर शोभलं असतं. आणि खरं सांगतो, ती ओळ दुसऱ्यांदा वाचली तेव्हा तुझी आठवण झाली होती. तुझे निबंध मी शाळेपासून वाचलेत, तू वाक्य कुठे मोडतेस ते मला कळतं. मी तो विचार झटकला. तुला विचारलं असतं तर तू खोटं बोलली नसतीस असं वाटतं. मी विचारलं नाही, कारण उत्तराची भीती होती. तेव्हा त्या आठ महिन्यांत थोडे माझेही आहेत.

पैसे मी घेणार. नको म्हटलं तर तुला बरं वाटेल की वाईट, याचा पुष्कळ विचार केला. तू हे ओझं मनात घेऊन म्हातारी होशील, त्यापेक्षा देऊन मोकळी हो. महिन्याला एक हजार. नव्या पगारात तेवढंच. एखाद्या महिन्यात नाही जमलं तर नाही. वर काही जोडायचं नाही. टपालाने पाठवू नकोस, पहिल्या रविवारी येऊन हातात दे. तुझी वहिनी अजून नीट बोलणार नाही. तिला वेळ दे, मध्ये मध्ये बोलायला जाऊ नकोस. तिने तुझी उशी धुवून ठेवली आहे. मी विचारलं तर म्हणाली, धूळ बसली होती.

एक काम आहे. आपल्या गल्लीच्या टोकाला जो केस कापतो त्याच्या चार खुर्च्या मी जूनमध्ये करून दिल्या, डाव्या हातावर जोर देत. त्याने पैसे दिलेले नाहीत. त्याची बायको आजारी, दवाखान्यात होती. आता मी दिसलो की तो समोरच्या बाजूने जातो. मी जाऊन बोलायचं म्हटलं तर तो दुकान सोडून पळेल. म्हणून त्याला पत्र द्यायचं आहे. थोडे थोडे दे, दोनशे दे, शंभर दे, असं काहीतरी. ते तू लिहून आण. मला जमणार नाही, माझ्या हातून हुकूम सोडल्यासारखं होतं.

आणि व्याज नाही, हे पहिल्याच ओळीत लिही. घाबरलेला माणूस त्याच्या पुढे वाचत नाही.

दादा